बाप्तिस्म्यानंतरचे घर : टिळक दांपत्याच्या कुटुंबजीवनातील ख्रिस्ती श्रद्धेचा आचार

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मांतराचा इतिहास बहुधा बाप्तिस्म्याच्या दिवशी संपतो. त्या दिवसापर्यंतची वाटचाल, तिच्यातील वादविवाद, ग्रंथवाचन, मनाची घालमेल, आप्तांचा आक्रोश, वृत्तपत्रांतील खळबळ आणि क्वचित न्यायालयातील खटला यांची नोंद अभ्यासकांनी पुष्कळ तपशिलाने केली आहे. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८८) हे आत्मचरित्र याच प्रकारचे असून त्याचा मुख्य भर १८५४ मधील बाप्तिस्म्यापर्यंतच्या वैचारिक प्रवासावर आहे. तथापि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाने पाणी कोठून भरले, त्याच्या ताटात कोणी वाढले, पत्नी कोठे होती, महिन्याचा पगार कोणाकडून आला आणि तो कसा खर्च झाला, हे प्रश्न इतिहासलेखनात दुय्यम मानले गेले. वस्तुतः श्रद्धा स्वीकारणे ही एका क्षणाची घटना असू शकते. ती जगणे हे चूल, नोकरी आणि शेजार यांच्या पातळीवर वर्षानुवर्षे चालणारे काम आहे.

या कामाचा सलग वृत्तांत उपलब्ध असलेले मराठी कुटुंब म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'कडे मराठी समीक्षेने आत्मचरित्र म्हणून पाहिले, तिच्या विनोदाचे आणि निखळ भाषेचे कौतुक केले, आणि ते सर्वथा योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र तिचा विचार सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून केला आहे. ख्रिस्ती श्रद्धा या घराच्या दैनंदिन व्यवहारात कशी उतरली आणि ती उतरवण्याचे श्रम कोणाच्या वाट्याला आले, हा या विवेचनाचा विषय आहे.

कायदा आणि कुटुंब

टिळकांच्या धर्मांतराआधी पन्नासएक वर्षांपासून मराठी समाज या प्रश्नाशी झुंजत होता. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेला तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि अल्पवयीन मुलगा वडिलांच्या स्वाधीन झाला. पण घरी परत आलेल्या मुलाला जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याचा पक्ष घेतला आणि त्याबद्दल सनातनी मंडळींचा रोष पत्करला. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, आक्षेप त्या मुलाच्या मतांवर नव्हताच. तो मिशनऱ्यांच्या घरात जेवला, यावर होता. धर्म बदलला की नाही, याचा निर्णय समाज ताटावरून करीत होता.

सरकारने यात दोन वेळा कायद्याने हात घातला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला. १८६६ च्या कायद्याने, योगायोगाने त्याही वर्षीच्या एकविसाव्याच, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार धर्मांतराच्या कारणावरून सहवास नाकारीत असेल तर विवाह विसर्जित करून घेण्याची मुभा दिली. त्यासाठी जोडीदाराची न्यायालयात विचारणा होई, नकार कायम राहिल्यास एक वर्ष थांबावे लागे आणि त्यानंतर विवाह मोडून दोघांनाही पुनर्विवाहाची मोकळीक मिळे. घटस्फोट ज्या समाजात अकल्पित होता, त्याच्या दृष्टीने ही तरतूद विलक्षणच म्हटली पाहिजे. धर्म आणि संसार यांचा संघर्ष झाला तर कायद्याने संसार सोडवून दिला होता.

पाच वर्षांचे अंतर

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. ही हकीकत बहुश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो एखाद्या गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न होता तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून झाला आणि हा आग्रह टिळकांचा स्वतःचा होता. त्यांच्या पुढील आयुष्याचे सूत्र या निवडीत दिसते.

पत्नीला याची पूर्वकल्पना नव्हती. त्या वेळी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. लहान मुलगा दत्तू बरोबर होता. 'स्मृतिचित्रे'त या बातमीनंतरच्या दिवसांचे वर्णन आहे. तेथे पतीच्या नव्या धर्माविषयी तात्त्विक आक्षेप जवळजवळ नाहीत. आहे तो आपण जिवंतपणी टाकले गेलो, हा भाव. पुढील पाच वर्षे त्या पतीपासून दूर, बराच काळ पंढरपुरात, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांची पहिली कविताही याच दुःखातून आली.

टिळकांपुढे १८६६ च्या कायद्याचा मार्ग खुला होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवीत राहिले, भेटीचे प्रयत्न करीत राहिले. अविश्वासी जोडीदार राहण्यास तयार असेल तर त्याला सोडू नये, असा उपदेश पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे आणि टिळकांसारख्या बारकाईने नवा करार वाचणाऱ्याला तो ठाऊक असणारच. परंतु येथे जोडीदार राहण्यास तयार नव्हती. म्हणजे शास्त्र आणि कायदा दोहोंनीही टिळकांना मोकळीक दिली असती. त्यांनी ती घेतली नाही, यात त्यांच्या श्रद्धेचा आचार अधिक स्पष्ट दिसतो. त्यांच्या प्रवचनांत किंवा अभंगांत तो इतका उघड क्वचितच होतो. मात्र याच माणसाने पत्नीला न विचारता, न सांगता तिचे सारे आयुष्य उलथून टाकले होते, हेही त्याच वाक्याच्या शेजारी ठेवावे लागते. टिळकांचे चरित्रकार पहिल्या गोष्टीवर थांबतात. लक्ष्मीबाई दोन्ही सांगतात, आणि हसत सांगतात.

चूल आणि पाणी

लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कडक, अशा व्यवस्थेने एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडावे अशी सक्ती टिळकांनी केल्याचे दिसत नाही.

या सोवळ्याचे वजन समजण्यासाठी लक्ष्मीबाईंचे माहेर पाहिले पाहिजे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या या घरात १८५७ च्या धामधुमीत एका निकटच्या आप्ताला फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याओवळ्याचा असा काही ध्यास घेतला की, बाजारातून आलेले धान्यच काय, मीठ आणि गूळसुद्धा धुऊन घरात घेतले जाई. मीठ धुतल्यावर उरणार किती, हा प्रश्न वाचकाला पडतो तसा त्या घरातील बायकांनाही पडला असणार. 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच ही हकीकत येते. लेखिकेने ती केवळ विनोदासाठी घातली असे मानणे कठीण आहे. जिच्या बालपणी मिठालाही विटाळ होत होता, ती बाई पुढे कोणाच्याही हातचे पाणी कसे प्यायली, याचे माप वाचकाच्या हाती तेथेच दिले जाते.

हा बदल अहमदनगर जिल्ह्यातील राहुरी येथे घडला. तो कोणत्याही धर्मग्रंथाच्या वाचनातून, मिशनऱ्याच्या उपदेशातून किंवा पतीच्या युक्तिवादातून आलेला नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, असा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात उभा राहिला. देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांच्या जातींत दिसतो तसा उघड भेद माणसांतही दिसला असता, असे उत्तर त्यांनी स्वतःशीच दिले, आणि ते मिळताच त्या दिवसापासून सर्वांच्या हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. १९०० साली मुलासह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हा क्रम इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. टिळकांच्या बाबतीत आधी विचार बदलला, मग धर्म आणि मग घर. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी घागर बदलली. जातिभेदाचा त्याग हा धर्मांतराचा परिणाम मानण्याची आपली सवय आहे. येथे तो धर्मांतराचे कारण ठरलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने धर्म ज्या ठिकाणी राहत होता, म्हणजे स्वयंपाकघरात, तेथूनच तो हलू शकत होता. सभागृहातील वादविवादांना तेथे प्रवेश नव्हता.

भरलेले घर

शके १८२१-२२ चा, संवत्सराच्या हिशेबाने 'छप्पनचा' म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ (१८९९-१९००) आणि त्याच्या आगेमागे येत राहिलेली प्लेगची साथ, या काळात नगर जिल्ह्यातील मिशनच्या कामाचे स्वरूप पालटले. अनाथ आणि उपाशी मुले हजारोंनी रस्त्यावर आली. टिळकांच्या घरातही अशी मुले आली, राहिली, आजारी पडली, बरी झाली, काही दगावली. घर आणि संस्था यांच्यातील सीमारेषा या कुटुंबात जवळजवळ पुसली गेली.

येथे एका अडचणीच्या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. टिळकांचे औदार्य सर्वश्रुत आहे. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन टाकणे, अनोळखी माणसाला घरी आणणे, उद्याची चिंता न करणे हे त्यांच्या स्वभावात होते आणि डोंगरावरील प्रवचनाने त्याला धर्माचा आधार मिळाला. त्यांच्या संतत्वाचा पुरावा म्हणून या गोष्टी वारंवार उद्धृत केल्या जातात. परंतु दान दिल्यावर घरात जे उरत नसे, त्यातून स्वयंपाक करणारी व्यक्ती वेगळी होती. 'उद्याची चिंता करू नका' ही आज्ञा पुरुषाने पाळायची, तर उद्याची चिंता दुसऱ्या कोणीतरी करणे आवश्यक होते. लक्ष्मीबाईंनी ती केली, तिच्याबद्दल भांडणही केले आणि शेवटी आलेल्या मुलाला पोटाशीही धरले. टिळक माणसे घरी आणीत. त्यांना घरची माणसे करण्याचे काम लक्ष्मीबाईंचे होते. ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात पहिल्या कृतीला नाव आहे, दुसरी बहुधा अनामिक राहते.

या घरातील सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात बालकवी. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात टिळकांची आणि या कोवळ्या कवीची ओळख झाली आणि पुढे टिळकांनी त्याला शिक्षणासाठी अहमदनगरला आपल्या घरी आणले. ब्राह्मण घरचा हा मुलगा ख्रिस्ती पाळकाच्या घरात पोटच्या मुलासारखा राहिला. त्या काळी मिशनरी घरात हिंदू मुलगा राहणे म्हणजे धर्मांतराची पहिली पायरी, असाच सार्वत्रिक समज होता. श्रीपत शेषाद्रीच्या वेळचा संशय साठ वर्षांनंतरही विरला नव्हता. बालकवींचे धर्मांतर झाले नाही. ते व्हावे यासाठी या घराने दडपण आणल्याचेही दिसत नाही. लक्ष्मीबाईंनी रंगवलेला ठोमरे म्हणजे रुसणारा, हट्टी, खाण्यापिण्याची शुद्ध नसलेला आणि एकाएकी आनंदाने उसळणारा मुलगा आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला, तेव्हा या घरातले माणूस गेले. 'स्मृतिचित्रे'तील या भागात धर्माचा उल्लेखही फारसा नाही, आणि श्रद्धेच्या आचाराचा अभ्यास करणाऱ्याने नेमका हाच भाग सोडता कामा नये.

नोकरी आणि स्वाभिमान

टिळक अमेरिकन मराठी मिशनचे नोकर होते. १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करणाऱ्या या मिशनने त्यांना ईश्वरविज्ञान शाळेत शिकवण्याचे काम दिले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. म्हणजे उपजीविका आणि उपासना एकाच दाराशी होती. ख्रिस्ती झालेल्या माणसाला जात, वतन, पौरोहित्य आणि नातलगांचा आधार हे सर्व एकदम गमवावे लागे. उरे ती मिशनची नोकरी. परिणामी ज्याच्याशी बंधू म्हणून उपासना करावयाची, तोच पगार देणारा वरिष्ठ असे. या नात्यातील अवघडलेपण टिळकांना आयुष्यभर बोचत राहिले. भारतीय ख्रिस्ती माणसाने परकीय पैशावर आणि परकीय रीतीवर अवलंबून राहू नये, हे त्यांचे मत त्यांनी लपवले नाही. उपासनेत अभंग, ओवी आणि कीर्तन आणण्यामागेही हीच प्रेरणा होती.

हीच बोच पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) बाबतीत अधिक धारदारपणे दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरचा तेथील भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला तर वादाचे विषय किती घरगुती होते ते कळते. अंडे घातलेला पदार्थ खावयाचा की नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत. भगिनींना यात अहंकार दिसला. रमाबाईंना मात्र ख्रिस्त आणि इंग्रजी चालीरीती ही एकच वस्तू नव्हे, हे सांगावयाचे होते. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो स्त्रियांनी शेती केली, माग चालवले, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळेही जुळवले. तेथे काम ही उपासनेची पूर्वतयारी नव्हती. कालपर्यंत ज्यांना अशुभ म्हणून कोपऱ्यात बसवले होते, त्या स्त्रियांच्या हातून धर्मग्रंथ छापला जात होता.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात सामावले जावेत, ही त्यांची कल्पना होती. तिच्यावर ईश्वरविज्ञानाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. कुटुंबाच्या अंगाने पाहता एक विसंगती जाणवते. परंपरेने संन्यास म्हणजे संसाराचा त्याग. टिळकांच्या संन्यासात पत्नी आणि घर बरोबरच होते, गेला तो पगार. म्हणजे १८९५ प्रमाणेच १९१७ मध्येही एका माणसाच्या श्रद्धेचा निर्णय दोघांच्या संसारावर उतरला. फरक इतकाच की, या वेळी लक्ष्मीबाई दुसऱ्या गावी नव्हत्या. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. देहाचे दफन न करता दहन व्हावे, ही त्यांची इच्छा पाळली गेली.

उत्तरकाळ आणि साधनाची मर्यादा

टिळकांनी १९०९ च्या सुमारास 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले होते. त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय त्यांच्या हातून झाले. साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. अक्षरओळखीपलीकडे ज्यांचे शिक्षण फारसे गेले नव्हते आणि तीही लग्नानंतर पतीकडून झाली होती, त्या बाईंनी महाकाव्याचा बहुतेक भाग रचावा, याची नोंद वाङ्मयेतिहासात 'अपुरे काम पूर्ण केले' एवढ्याच शब्दांत होते. दहा-अकराच्या पुढे साठ हे 'पूर्ण करणे' म्हणावयाचे, तर मग 'लिहिणे' कशाला म्हणावयाचे, असा प्रश्न पडतो. मुलगा देवदत्त यांच्या नोकरीनिमित्त काही काळ त्या कराचीत राहिल्या. वडिलांच्या चरित्रासाठी देवदत्तांनी आईकडे आठवणी लिहून मागितल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले, तेव्हा लेखन अपुरेच होते.

या साधनाची एक मर्यादा मात्र दृष्टीआड करून चालणार नाही. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबांची संख्या फार मोठी होती. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या गावाची वस्तीही मुख्यतः याच समाजांतून आली. टिळकांच्या घरी कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा ब्राह्मण बाईपुढचा प्रश्न होता. ज्यांच्या हातचे पाणी नाकारले जात होते, त्यांच्या घरात बाप्तिस्म्यानंतर काय बदलले आणि काय बदलले नाही, हा प्रश्न वेगळा आहे. पाणवठा खुला झाला का, चर्चमधील बैठक एक झाली का, सोयरीक कोणाशी झाली, गावकीची कामे सुटली का, याचे उत्तर 'स्मृतिचित्रे'त शोधू नये. मिशनच्या अहवालांत त्याचे काही धागे आहेत, मंडळ्यांच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्यांत असतील, आणि बरेचसे घरोघरच्या आठवणींत आहेत. या कुटुंबांतील माणसे लक्ष्मीबाईंच्या पानांतून सतत ये-जा करतात. त्यांना नावे आहेत, स्वभाव आहेत, बोलण्याची धाटणीही आहे. राहुरीच्या घरात आलेल्या दुष्काळी मुलांनी मात्र पुढे त्या घराविषयी, तेथील चुलीविषयी आणि त्या बाईविषयी काय सांगितले, ते आपल्याला त्या बाईच्याच शब्दांतून वाचावे लागते.